पिवळ्याचा लाल

टक्! पेनाचं टोपण फरशीवर पडलं आणि पाळण्यातलं बाळ कुरकुरलं. मी श्वास रोखला. नशीब, पुन्हा झोपलं. ते जागं होईपर्यंतचा वेळ तेवढा माझा. तेवढ्यात दोन ओळी लिहायच्या होत्या : ‘माझी चूक झाली. पुन्हा होणार नाही.’ संध्याकाळपर्यंत पाठवल्या नाहीत, तर रुग्णवाहिकेच्या कॉल सेंटरमधली माझी नोकरी गेली.

चूक अशी. सोमवारी दुपारी एका माणसाचा फोन आला. बायकोला भोवळ आली होती, आता सोफ्यावर झोपली होती. स्क्रीनवरचा प्रश्न मी विचारला : श्वास चालू आहे?

“आहे की! चांगली घोरतेय.”

‘हो’ दाबलं. कॉल पिवळा झाला, म्हणजे थांबला तरी चालेल असा. पण मला राहवेना.

“दादा, फोन जरा त्यांच्या तोंडाशी धरा.”

घोरण्याचा एक आवाज आला. मी मोजायला लागले. आठपर्यंत काहीच नाही. मग दुसरा. मग अकरापर्यंत शुकशुकाट. दोन लेकरांच्या उशाशी बसून श्वास मोजलेत मी; झोपेतलं माणूस असं घोरत नाही, हृदय बंद पडताना येतात तसे आचके होते ते. कॉल लाल केला, म्हणजे जिवावरचा, सगळ्यांच्या आधी. “त्यांना जमिनीवर घ्या, छातीच्या मधोमध दाबा, जोरात, मी मोजते!” सगळ्यात जवळची गाडी न्हाणीघरात पडलेल्या एका आजोबांकडे निघाली होती. खुबा दुखावलेला, पण बोलत होते. ती गाडी मी वळवली. आजोबा पाऊण तास ओल्या फरशीवर राहिले. त्यांच्या मुलाने तक्रार केली, आणि ते साहजिकच होतं.

फोन थरथरला. साहेब.

“लिहिलंत का?”

“लिहितेय, सर.”

“दोन ओळींना दोन दिवस? स्क्रीन म्हणते पिवळा, तुम्ही म्हणता लाल. डॉक्टर आहात का तुम्ही?”

“नाही, सर. पण स्क्रीनला कान कुठे आहेत?”

“जीभ फार चालते तुमची.”

“तिच्यावरच तर नोकरी आहे, सर.”

फोन ठेवला. कागद पुढे ओढला आणि लिहिलं : ‘तसा आवाज पुन्हा ऐकला, तर पुन्हा लाल करीन. आजोबांची माफी त्यांच्या घरी जाऊन मागेन.’ खाली ठसठशीत सही ठोकली आणि पुटपुटत एकदा वाचून पाहिलं.

टेबलाखालून थोरली लेक टोपण घेऊन बाहेर आली. सहा वर्षांची; चार दिवस घरात हाच विषय, तिला सगळं पाठ.

“आई, ती घोरणारी मावशी उठली का गं?”

“माहीत नाही, बाळा. गाडी पोचली की आमचा फोन बंद. पुढचं कुणी सांगत नाही.”

तिने टोपण नीट पेनाला बसवलं. मग माझ्याकडे बघत म्हणाली,

“आणि ते पडलेले आजोबा आपले आजोबा असते, तरी तू गाडी वळवली असतीस?”