जुन्या राउटरचा पासवर्ड

जुना राउटर जळला, असं मी निशाला खोटंच सांगितलं होतं. तो चंद्रावतीच्या कपाटात, तिच्या साड्यांखाली ठेवला होता.

माझी बायको चंद्रावती जाऊन सात महिने झाले. त्यानंतर मुलगा परेश आणि सून निशा पुण्याहून पनवेलला माझ्याजवळ राहायला आले. परेशने नवीन कनेक्शन घेऊन खाली पुढच्या खोलीत नवा राउटर बसवला. निशा वरच्या खोलीत ऑफिसचं काम करते. मधल्या स्लॅबमुळे नेट तिथे नीट पोचत नाही. मीटिंगमध्ये तिचा आवाज तुटायचा.

एका दुपारी ती खाली आली आणि न जेवता बसून राहिली. म्हणाली, "बाबा, साहेब म्हणतात, घरून जमत नसेल तर पुण्याला परत या."

मी उठलो, कपाट उघडलं आणि राउटर तिच्यासमोर ठेवला. त्याच्यावर हळदकुंकवाचा डाग आहे. दसऱ्याला चंद्रावती माझे नटबोल्टचे पाने आणि मिक्सर पुजायची, तेव्हा हाही मांडायची.

"जळला होता ना?"

"नाही."

"कळलं होतं मला. तुम्हाला खोटं बोलता येत नाही." तिने तो उलटा करून पाहिला. "चालेल हा. नव्या राउटरपासून केबल वर आणून याला जोडायची. नेट खालूनच येईल, हा फक्त वर पसरवेल. पण आधी रिसेट करावा लागेल. याची सेटिंग उघडायचा पासवर्ड आईंनी बदललाय."

"रिसेट म्हणजे?"

"आतलं सगळं पुसलं जाईल."

तेच मला नको होतं. चंद्रावतीचा फोनही त्याच कपाटात असतो, मी तो रोज चार्ज करतो. तो लॉक आहे, कुणाला उघडता येत नाही. घरात कोणी नसलं की मी हा राउटर नुसता विजेवर लावायचो. नेट नसायचं, तरी तिचा फोन त्याला ओळखायचा. कोपऱ्यात वायफायची खूण यायची. मी ती बघत बसायचो. हे मी निशाला सांगून टाकलं.

तिने राउटर सरळ करून ठेवला आणि म्हणाली, "नाव तेच ठेवू. वायफायचा पासवर्डही तोच टाकला तर फोन आपणहून जोडला जाईल. काय होता?"

मला माहीत नव्हता. माझ्या फोनमध्ये चंद्रावतीच टाकायची, तेही फोन पलीकडे फिरवून. तो फोनही आता बिघडला होता.

मी शेजारच्या खतीजाभाभींकडे गेलो. त्यांचा मुलगा माज कुवेतला असतो. त्याच्याशी बोलता यावं म्हणून चंद्रावतीने त्यांना आमचं नेट दिलं होतं.

"चार चार सात एक, परत चार चार सात एक," भाभी लगेच म्हणाल्या. "मी बोलले होते तिला, नवऱ्याचं नाव टाक, याद राहील. तर म्हणते, नाय गो बाय, चार जणींनी विचारलं तर त्यांचं नाव कसं घेऊ?"

तळोज्याच्या कंपनीतला तो माझा टोकन नंबर. सव्वीस वर्षं मी तो दाखवून गेटमधून आत गेलो. आठ आकडे लागतात म्हणून तिने दोनदा टाकला असेल. उखाणा सोडला तर माझं नाव तिने कधी घेतलं नाही.

घरी येऊन वरच्या खोलीत टाचणीने बारीक बटण मीच दाबून धरलं. दहापर्यंत मोजलं. दिवे विझले आणि परत लागले. निशाने लॅपटॉपवरून जुनं नाव आणि ते आठ आकडे टाकले. दोन राउटर एकमेकांत अडकू नयेत म्हणून याचा नेटवर्कमधला पत्ता बदलला, आणि फोनना पत्ते वाटायचं काम खालच्याकडेच ठेवलं. मी खालून जिन्यावरून केबल आणून निळ्या भोकात खुपसली.

"बाबा, निळ्यात नाही. पिवळ्यात."

"ते एकटंच निराळं दिसतं."

"म्हणूनच नाही. ते बाहेरच्या कनेक्शनसाठी असतं."

केबल पिवळ्यात लावली. डाग पुसायला मी फडकं घेतलं, तर तिने ते माझ्या हातातून काढून घेतलं. चारची मीटिंग होती, म्हणून तिने दार लावून घेतलं.

मी चंद्रावतीचा फोन घेऊन बाहेर पायरीवर बसलो. आतून निशाने विचारलं, "आता येतोय का आवाज?" कुणीतरी हो म्हणालं. मग ती बराच वेळ न तुटता बोलत होती. फोनच्या कोपऱ्यात खूण आली होती. मी तो परत कपाटात ठेवला नाही. वरच्याच खोलीबाहेर चार्जरला लावला आणि निशाचं जेवण गरम करायला खाली गेलो.