तेलाच्या जागी लाह्या

"मीठ नाही ना घातलंस?" हिल्मारने विचारले.

"बाबा, समुद्रात कमी आहे का?" सिन्नोवेने मक्याच्या लाह्यांचे सातवे पोते त्याच्या खांद्यावर चढवले.

तिकडे बर्फाळ समुद्रात तेलाची विहीर फुटली, तर आधी धावायचे ते गावातल्या मासेमारी बोटींनी. दर मार्चला त्याची परीक्षा व्हायची. तेलाच्या जागी पाण्यावर तरंगणाऱ्या लाह्या; एकही निसटू न देता अडवायच्या. हुकलात तर पुन्हा पुढच्या मार्चला. आणि तेव्हा हिल्मार वयोमर्यादेत बसणार नव्हता. सुकाणूचा परवाना सिन्नोवेकडेही होता, पण बाळ झाल्यापासून ती बोटीवर चढलीच नव्हती.

धक्क्यावर अर्धे गाव वाफल्स खात उभे होते. बाबागाडीत, गावच्या रीतीप्रमाणे उघड्या थंडीत, बाळ गाढ झोपले होते. सिन्नोवे सारखी दुलईत हात घालून त्याचा श्वास बघत होती.

"झोपू दे की त्याला," शेजारची गुडलॉग म्हणाली. "इतकं चाचपलंस तर सुकवलेला मासासुद्धा उठून बसेल."

पोती पाण्यात रिकामी झाली. दोन बोटींनी, एकीच्या सुकाणूवर हिल्मार, तरंगते कुंपण ओढत लाह्यांना वेढा घातला. तेवढ्यात बर्फाचा एक तुकडा कुंपणावर चढला, कड दबली आणि लाह्या बाहेर सांडल्या. समुद्रपक्ष्यांनी त्यांच्यावर झडप घातली. गाव पोट धरधरून हसले. घटकाभरात पाणी स्वच्छ.

"बाहेर एकही लाही नाही. पास," धक्क्यावर परतलेल्या हिल्मारला तपासनीस एगिल म्हणाला. टाळ्या पडल्या. म्हातारा लहान मुलासारखा खुलला.

बाकीच्यांनी फक्त पाखरांची झुंबड पाहिली होती; सिन्नोवेने कड दबताना पाहिली होती. तिने बाबांच्या चेहऱ्याकडे पाहिले, मग बाबागाडीकडे.

"बाबा, निसटल्या होत्या," ती हळूच म्हणाली. "पाखरांनी खाल्ल्या."

हिल्मार हसला. "मला वाटलं, गाडीपलीकडे तुला काही दिसत नाही. एगिल, खोड ते. तेल असतं तर ही पाखरं मेली असती."

"हिल्मारकाका, मग नापास लिहावं लागेल."

"लिही की. पुढच्या वर्षी सुकाणू हिच्या हातात. हिची नजर चांगली आहे."

"आणि तुम्ही?" गुडलॉगने विचारले.

"मी लाह्या फोडीन. मीठ घालून."

पुन्हा हशा पिकला. "चल, आत्ताच एक चक्कर मार," त्याने बोटीची किल्ली सिन्नोवेच्या हातात ठेवली.

बोट धक्क्यापासून सुटली तेव्हा तिने एकदाच मागे पाहिले. हिल्मार हातमोजा काढून दुलईत हात घालत होता, श्वास बघायला.