माझ्या कमरेची तार

मित्रांनो, मी एक जुना रांजण आहे. माझ्या कमरेला दोन पदरी तार आवळलेली आहे आणि ती मी कंबरपट्ट्यासारखी मिरवतो. हसू नका, आधी ऐका.

कोरियातल्या एका डोंगराळ गावात माझा जन्म झाला. भट्टीतून बाहेर काढल्यावर कुंभाराने मला टिचकी मारली आणि म्हणाला, "खणखणीत आहे." त्या एका शब्दावर मी पुढे कित्येक वर्षं ताठ होतो. चर्चच्या मागच्या अंगणात, मडक्यांच्या ओट्यावर, मला मानाची जागा मिळाली. साऱ्या मंडळीचा सोया सॉस माझ्या पोटात मुरायचा. लग्न असो की मयत, जेवणाला चव माझीच. किमचीच्या, म्हणजे आंबवलेल्या तिखट कोबीच्या, मडक्यांना तर मी खिजगणतीत धरत नसे.

माझी देखभाल ग्वीनामताई करायच्या. स्वयंपाकघराची किल्ली त्यांच्याच कनवटीला असे. एका हिवाळ्यात त्यांनी मला रिकामा करून धुतलं, काठोकाठ पाणी भरून भिजत ठेवलं आणि घरी वर्षाची किमची घालायच्या गडबडीत त्या मला साफ विसरल्या. पाणी गोठलं, फुगलं आणि मला खांद्यापासून बुडापर्यंत तडा गेला.

रविवारी बायका भोवती जमल्या. "कुणाचा उद्योग हा?"

ग्वीनामताईंनी नजर चुकवली. "झाडलोट जोमसुन करते. तिलाच विचारा."

जोमसुन ही गावातली एकटी राहणारी विधवा. "मी हातसुद्धा लावला नाही हो," ती म्हणाली.

"मग काय रांजण आपसूक फुटला?" एकजण फिस्कारली. जोमसुनच्या हातातला झाडू काढून घेतला. तरी ती दर रविवारी येऊन मागे बसायची, आणि तिच्या शेजारची चटई रिकामी राहायची. खरं काय ते मला ठाऊक होतं, पण रांजणाला कोण विचारतो? त्याचं मला आजही वाईट वाटतं.

सहाव्या रविवारी ग्वीनामताई भर सभेत उभ्या राहिल्या. "पाणी मी भरलं होतं. जोमसुनवर आळ मीच घातला." पाळकांनी त्यांच्यासाठी क्षमेची प्रार्थना केली आणि किल्ली मात्र मागून घेतली. ती जोमसुनकडे आली. ग्वीनामताई शरमेने घरी बसल्या, त्या बसल्याच.

मंडळीचे वडीलधारे मला फेकून देणार होते. जोमसुन आडवी आली. "सॉस नाही राहणार, पण तांदूळ तर राहील?" तिने सांधणाऱ्याला बोलावून मला तार आवळून घेतली.

आमच्याकडे बायका रोज भात लावताना घरातल्या दर माणसामागे एक चमचा तांदूळ देवाच्या नावाने पिशवीत काढतात. रविवारी त्या पिशव्या चर्चमध्ये येतात आणि तो तांदूळ अडलेल्या घरी जातो. आता त्या माझ्यात रिकाम्या होऊ लागल्या. ग्वीनामताईंच्या घरची पिशवी तेवढी येत नव्हती.

वसंतात एकदा त्या आल्या आणि रिकाम्या हातांनी दाराशीच घुटमळल्या. जोमसुन आपली पिशवी ओतत होती.

"एकटीच्या पिशवीत एवढा तांदूळ गं?" त्यांनी न राहवून विचारलं.

"एक चमचा माझा, एक तुमचा. तुम्ही येत नव्हता, मग तुमचा कुणी काढायचा?"

ग्वीनामताई मला धरून रडल्या. जोमसुनने त्यांना रडू दिलं. मग म्हणाली, "किल्ली मात्र मागू नका हं, ताई. परत पाणी भरून निघून जाल." तेव्हा त्या रडता रडता हसल्या.

मित्रांनो, माझा तडा अजून तसाच आहे. टिचकी मारलीत तर मी बद्द वाजतो. पण खणखणीत होतो तेव्हा मी जेवणाला नुसती चव दिली. तडा गेल्यावर मी उपाशी घरांना भात दिला, आणि याचा मला जास्त अभिमान आहे.

थंडीत रांजणात पाणी ठेवून जाऊ नका. आणि कुणी चूक करून, शरमून घरी बसलं असेल, तर त्याच्या वाट्याचा चमचा काढायला विसरू नका.