बाराशे ऐंशी गाठी

आमच्या ह्यांना क्लबात 'कॅप्टन' म्हणतात. नोकरीची तीस वर्षं ह्यांनी सांडपाण्याच्या नळांचे नकाशे काढण्यात घालवली, आणि घरातला बल्ब बदलायला स्टुलावर मी चढते, कारण ह्यांना चक्कर येते. पण निवृत्त झाल्यावर माणसाला काहीतरी व्हावंसं वाटतं. ह्यांना एकदम वैमानिक व्हावंसं वाटलं, तेही जमिनीवर उभं राहून, हातात रिमोट धरून.

बाजारातून तयार सुटे भाग आणून जोडणाऱ्यांना हे 'खेळणीवाले' म्हणतात. ह्यांचं विमान मुळापासून बनणार होतं. पहिल्या महायुद्धातलं लढाऊ विमान, एकावर एक असे दुमजली पंख, खऱ्याच्या एक तृतीयांश आकाराचं. जुन्या फोटोंवरून नकाशा काढला, तो जेवणाच्या टेबलावर चिकटवला, आणि पुढची चार वर्षं आम्ही ताटं मांडीवर घेऊन जेवलो. कुणी घरी आलं की हे त्याला फासळ्या दाखवायचे. पंखाच्या फासळ्या, पातळ प्लायवूडच्या, एका पंखात वीस. पाहुणा "वा वा" म्हणायचा आणि घड्याळ बघायचा.

बाहेरच्या खोलीत माझं शिवणकाम चालतं. अठ्ठावीस वर्षं झाली. पंखांवर कापड चढवायची वेळ आली तेव्हा हे पहिल्यांदा त्या खोलीत काही विचारायला आले. "अगं, किती कापड लागेल ते जरा बघतेस का?" मी खालचे दोन पंख शेजारी शेजारी ठेवले आणि मला हसू आवरेना. दोन्ही एकाच नकाशावर ठेवून बनवले होते. दुसऱ्या बाजूच्या पंखासाठी नकाशा उलटा करावा लागतो, हे कॅप्टनच्या ध्यानातच आलं नव्हतं.

"हे दोन्ही डावे झालेत," मी म्हणाले.

"मग एक उलटा करून लावायचा."

"म्हणजे फुगीर बाजू खाली जाईल. शर्टाला दोन डाव्या बाह्या लावून बघा एकदा."

"विमानाला बाह्या नसतात," असं म्हणून हे पंख उचलून घेऊन गेले. तीन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. चौथ्या दिवशी मुकाट्याने करवत सुरू झाली. क्लबात मात्र सांगितलं, की डिझाइनमध्ये थोडी सुधारणा केली. पडलो तरी नाक वर, दुसरं काय.

कापड नुसतं चिकटवून चालत नाही. ते प्रत्येक फासळीला बांधावं लागतं. लांब सुई पंखातून आरपार घालायची, मेण लावलेला दोरा फासळीभोवती फिरवायचा, गाठ मारायची, की बोटभर अंतरावर पुढची. ह्यांनी पहिली फासळी बांधली ती बुटाच्या नाडीसारखी दिसत होती. दुसऱ्या दिवशी चारही पंख माझ्या मशीनशेजारी आले. "तुझा हात बसलेला आहे," हे म्हणाले. चार वर्षांत माझ्याबद्दल काढलेला हा पहिला चांगला शब्द, आणि मी वेडी त्यावर विरघळले.

दुपारी गिऱ्हाइकं नसायची तेव्हा मी ते काम करायचे. चार पंख, ऐंशी फासळ्या, एकेका फासळीला सोळा गाठी. बाराशे ऐंशी. सगळ्या एका रेषेत, एका अंतरावर, एका ताणाच्या. मला ते काम मनापासून आवडलं, हे कबूल करायला हवं. विमानाशी मला काडीचं देणंघेणं नव्हतं. मला एकच गोष्ट हवी होती. क्लबाच्या स्पर्धेत हे विमान उतरणार होतं; त्या दिवशी लोक त्या पंखांवर वाकतील, तेव्हा ह्यांनी म्हणावं, "हे टाके हिने घातलेत." अठ्ठावीस वर्षं माझ्या हातचे कपडे लोक घालून फिरतात, पण ते कुणी शिवले असं कुणी कधी विचारत नाही. एकदा कुणीतरी विचारावं आणि उत्तर माझं असावं, एवढीच हाव.

शेवटची गाठ मारली आणि मी लेकीच्या बाळंतपणाला गेले. दोन महिन्यांनी परत आले तर पंख रंगवून तयार, वर चादर. "हात लावू नकोस, रंग ओला आहे," हे म्हणाले. स्पर्धेपर्यंत तीन आठवडे रंग ओला कसा राहतो, हे मी विचारायला हवं होतं. पण नातवाच्या कौतुकात माझंही डोकं ठिकाणावर नव्हतं.

स्पर्धेच्या दिवशी मी ठेवणीतले कपडे घातले. मैदानावर टोप्या घातलेले पन्नास-साठ कॅप्टन आपापल्या विमानांभोवती घुटमळत होते. परीक्षक म्हणजे जन्मभर खरी विमानं दुरुस्त केलेला एक सुकलेला म्हातारा. त्याने भिंग काढलं, इंजिन पाहिलं, चाकं पाहिली, मग पंखावरून सावकाश बोटं फिरवली.

"बांधणी चांगली आहे," तो म्हणाला. "टाके मात्र वाकडे. गाठी कुठे जवळ, कुठे लांब. काही तर सैलच आहेत. गुण कापावे लागतील."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. माझे टाके, आणि वाकडे? मी लोकांना बाजूला सारून पुढे झाले आणि पंखावर वाकले. रंगाखाली गाठींचे उंचवटे दिसत होते, वाट चुकलेल्या मुंग्यांसारखे. आपला टाका माणूस अंधारातही ओळखतो. त्यातला एकही माझा नव्हता.

मी ह्यांना बाजूला घेतलं. "माझे टाके कुठे गेले?"

"उसवले."

"सगळे?"

"मग काय करणार? अर्जावर लिहून द्यावं लागतं, की विमानाचा प्रत्येक भाग मी स्वतः बनवला. खोटं कसं लिहू? तू गेल्यावर बसलो आणि सगळे पुन्हा घातले. दीड महिना लागला. बोटं बघ माझी."

आणि खरंच बोटं पुढे केली. शाबासकीची वाट बघत होते.

"मदतनिसाचं नाव लिहायची सोय नाही का?"

"आहे ना. पण मग दुसऱ्या गटात टाकतात. खेळणीवाल्यांच्या."

हे खोटं बोलले असते तर मी भांडले असते आणि संध्याकाळपर्यंत विसरले असते. पण ह्या माणसाने माझ्या तीन महिन्यांच्या दुपारी कात्रीने एकेक करून कापल्या, का, तर शेजारच्या रांगेत उभं राहावं लागू नये म्हणून. वर स्वतःला हरिश्चंद्र समजत होता. मला रडू आलं, आणि रडू आल्याचा अजून राग आला.

पहिल्या फेरीत विमान उडालं. सुंदर उडालं, खोटं का बोलू. दुसऱ्या वळणावर वरच्या डाव्या पंखाच्या गाठी सुटल्या आणि कापड उशीच्या अभ्र्यासारखं फुगलं. विमान कसंबसं, झोकांड्या खात खाली आलं. परीक्षक म्हणाला, अर्ध्या तासाने दुसरी फेरी. तोवर दुरुस्त करा, नाहीतर नाव मागे घ्या.

हे लगबगीने माझ्याकडे आले. हातात सुई, दोरा, मेणाचा गोळा. आवाज एकदम खाली.

"अगं, चटकन घालून देतेस? दोनच फासळ्या आहेत. तुला पंधरा मिनिटांचं काम."

"आणि अर्जाचं काय?"

"ही दुरुस्ती आहे. बनवणं वेगळं." मग इकडेतिकडे बघून म्हणाले, "मी समोर आडवा उभा राहतो. कुणाला दिसणार नाही."

मी सुई परत त्यांच्या हातात ठेवली. "बाराशे ऐंशी घातल्यात तुम्ही," मी म्हणाले. "आता बत्तीस काय जड आहेत."

हे जाऊन गवतावर गुडघे टेकून बसले. मी झाडाखाली सावलीत बसले. तिथूनही मला दिसत होतं, की पहिलीच गाठ चुकीच्या बाजूने मारली आहे आणि ती सुटणार आहे. माझे हात शिवशिवत होते. दोन मिनिटांत नीट झालं असतं सगळं. पण त्या विमानात माझा एकही टाका नव्हता, आणि मी उठले नाही.