जियालाल हो म्हणाला

समाजमंदिराच्या खिडक्यांवर घोंगड्या टांगल्या, दार ओढून घेतलं, भर दुपारी अंधार केला आणि पांढऱ्या चादरीवर हिमालय उगवला. हिमालयासमोर बाबा. छातीपर्यंत दाढी, कपाळभर भस्म. बाबांनी आशीर्वादाला हात उचलला की बोटं गायब व्हायची, हात खाली आला की पुन्हा जागेवर.

"पाहा, बाबाची बोटं स्वर्गात जाऊन राहिली," घनश्याम सांगायचा, आणि सतरंजीवरच्या बाया हात जोडायच्या.

घनश्याम म्हणजे लग्नांची शूटिंग करणारा. सौंदडपासून देवरीपर्यंत त्यानं एक मांडव सोडला नव्हता. सीझन संपला तसा त्यानं आपला प्रोजेक्टर बाबांच्या सेवेत लावला. लॅपटॉपवर फुकटातली व्हिडिओ मिटिंग उघडायची, तिकडून बाबा यायचे, इकडून गाव.

"दर्शन फुकट, मिटिंगही फुकट," तो म्हणायचा. "बाबा कोणाचं काही घेत नाही."

बाबा हिंदीत बोलायचे. "बच्चा, आत्मा को टॉवर नहीं लगता. टॉवर तुम्हारे गाँव को लगता है." मग ते डोळे मिटायचे, चादरीच्या कोपऱ्यात लहानशा चौकटीत जायचे, आणि मधोमध गावातलं कोणीतरी मेलेलं माणूस यायचं. अगदी जितं. मान हलवायचं, हसायचं, बोलायचं मात्र नाही. वरून आवाज येत नाही म्हणे. आणि जो यायचा त्याच्या डोक्यावर गुलाबी फेटा.

"वर गेल्यावर सगळ्याइले फेटा भेटते," घनश्याम म्हणायचा.

लोक डोळे पुसून घेत असतानाच चादर एकदम काळी व्हायची. बाबा समाधीत गेले. लोक कपाळ टेकवून घरी जायचे.

या गर्दीत रुक्माबाई सगळ्यात पुढं बसायची. तिचं घर रस्त्याला लागून, मागं आंब्याचं झाड. नवरा, जियालाल, गेल्यापासून त्या घरात एकच आवाज होता, तिचा स्वतःचा. पोरगा संजू सुरतला. फोन करायचा, "जेवली काय?" विचारायचा, आणि ती काय जेवली ते सांगेपर्यंत त्याला दुसरा फोन यायचा.

रुक्माबाई थापा मारण्यात पटाईत. नागझिऱ्याचा वाघ एकदा तिच्या ओसरीवर येऊन पेज पिऊन गेला, हे ती वाघाच्या मिशांना लागलेल्या शितांसकट सांगायची. जियालाल खाटेवरून म्हणायचा, "काहीही बोलते." मग ती वाघाला आणखी एक वाटी वाढायची. तो पुन्हा, "काहीही बोलते." सारा संसार असाच झाला. आता वाघ यायचा, पेज प्यायचा आणि उठून जायचा. अडवणारं कोणी नाही, तर वाघालाही बसवेना.

आणि एका रविवारी जियालाल चादरीवर आला. तोच कान खाजवायचा चाळा, तेच पांढरे कल्ले.

"बरे आहा ना?" तिनं विचारलं.

जियालालनं मान हलवली.

घरी येऊन तिनं भाजीत मिरची कमी टाकली. त्याला चालत नव्हती.

पुढच्या रविवारी तो पुन्हा आला. तेव्हा बाबा कोपऱ्यातून म्हणाले, "माई, जियालाल की एक इच्छा है. रस्तेवाला घर आश्रम को मिले. मेरी बात मत मानो, उसी से पूछो."

रुक्माबाईनं घाबरतच विचारलं, "घर देऊन टाकू काय जी?"

जियालालनं मान हलवली. एकदा नाही, चांगली तीनदा. समाजमंदिरात टाळ्या पडल्या. घनश्याम म्हणाला, पुढच्या रविवारी कागद आणतो, अंगठा लावून टाका. तुम्ही तिथंच राहा काकू, आश्रमात, सेवा करत.

ती घरी आली आणि कुंपणापाशी उभी राहिली. वीतभर कुंपण सरकवलं म्हणून जियालाल सख्ख्या भावाशी मरेपर्यंत बोलला नव्हता. आणि आता आख्खं घर?

संध्याकाळी ती शाळेजवळच्या खोलीत गेली. तिथं रचना मॅडम राहायची, एकटीच. भंडाऱ्याहून बदली होऊन आलेली, पोरांना विज्ञान शिकवणारी. तांदूळ निवडत बसली होती.

"मॅडम, मेल्यावर माणसाचा स्वभाव बदलते काय वो?"

"काऊन काकू? काय करून राहिले काका?"

"हो म्हणून राहिले."

"मग?"

"जन्मात म्हणले नाही."

मॅडम हसली नाही. सूप बाजूला ठेवलं. "अजून काय दिसते?"

"गुलाबी फेटा. शेजारच्या मंदाच्या गेलेल्या पोराच्या डोक्यावरही तोच. मागून एक जण पाण्याचा जग घेऊन गेला. मले वाटलं, वरही पंगत असन."

बोलता बोलता रुक्माबाई थांबली. मग चप्पल न घालताच घरी गेली, आणि परत आली तेव्हा तिच्या हातात डांबरगोळ्यांचा वास येणारा गुलाबी फेटा होता.

"हा त माझ्या पेटीत आहे," ती म्हणाली. "माझी भाची रविता, तिच्या लग्नात देवरीले बांधला होता. सारे गाववाले होते. घनश्याम शूटिंग करत होता. एकेकाले म्हणे, काका, कॅमेऱ्याकडे पाहा, मान हलवा, आशीर्वाद द्या." ती खाली बसली. बराच वेळ फेट्यावरून हात फिरवत राहिली. जियालाल तिच्यासाठी आला नव्हता. तो रविताला आशीर्वाद देत होता.

"असं वाटते म्हणून चालत नाही काकू," मॅडम म्हणाली. "सगळ्यांसमोर तपासून पाहावं लागते."

"तपासते ना." रुक्माबाईनं डोळे पुसले आणि तिच्या तोंडावर जुना खोडसाळपणा आला. "तुमचा मोबाईल काढा. अन हा फेटा बांधता येते काय पाहा मले."

रविवारी कागद आले, शाईचा डबा आला, हिमालय आला. जियालाल आला. घनश्याम म्हणाला, "विचारा काकू, शेवटचं विचारून घ्या."

रुक्माबाई उभी राहिली. "काहो, आपल्या म्हशीनं काल अंडी दिली."

जियालालनं मान हलवली. मागं पोरं खिदळली.

"अन मी दुसरं लग्न करून राहिली. या घनश्यामसंग."

जियालाल हसला, मान हलवली, वर हात उचलून आशीर्वादही दिला.

समाजमंदिर फुटलं हसण्यानं. कोपऱ्यातले बाबा ओरडले, "माई, आत्मा से मजाक!" आणि तेवढ्यात चादर काळी झाली.

"समाधी," घनश्याम घाईनं म्हणाला.

"समाधी नाही, मिटिंगची मुदत संपली," रचना मॅडम मागून पुढं आली. "फुकटच्या मिटिंगला कंपनी वेळ बांधून देते. वेळ झाला की आपोआप बंद. पुन्हा लावली की बाबा पुन्हा येतीन. तोवर माझी लावते."

"ही तपाची लाइन आहे, मॅडम," घनश्याम आडवा आला.

"लावू दे ना बे," म्हातारे ओरडले.

मॅडमनं लॅपटॉपवर स्वतःची मिटिंग उघडली, आपल्या मोबाईलवरून तीत शिरली, एक बटन दाबलं. चादरीवर गुलाबी फेटा बांधलेली रुक्माबाई आली. अन खरी रुक्माबाई कमरेवर हात ठेवून चादरीच्या बाजूला उभी.

"रुक्माकाकू, तुम्ही मेल्या काय?" मॅडमनं चादरीला विचारलं.

चादरीवरच्या रुक्माबाईनं मान हलवली.

"घर देऊन टाकता?"

पुन्हा मान.

"नागझिऱ्याचा वाघ तुमच्या ओसरीवर पेज प्यायला?"

पुन्हा मान.

"हे एवढं एक खरं आहे," खरी रुक्माबाई म्हणाली.

मग मॅडमनं समजावून सांगितलं. जुनी शूटिंग मिटिंगमधून सगळ्यांना दाखवता येते, पाहणाऱ्याला वाटतं माणूस आत्ता समोर आहे. तिनं घनश्यामला लॅपटॉपसमोर बसवलं आणि त्याच्यामागं हिमालयाचं चित्र लावलं. माणूस कुठं संपतो आणि भिंत कुठं सुरू होते याचा मशीन अंदाज करते, आणि अंदाज चुकला की बोट खाते. हिमालयात घनश्यामचा एक कान गेला. पोरं ओरडली, "घनश्यामचा कान स्वर्गात गेला."

"कोण आहे तो बाबा?" कोणीतरी विचारलं.

"साळा आहे माझा," घनश्याम एका कानानं म्हणाला. "दुर्गला राहते."

कागद फाडले गेले. घोंगड्या निघाल्या, दुपार आत आली. घनश्याम जियालालची क्लिप पुसायला लागला, तर रुक्माबाई म्हणाली, "पुसू नको. लग्नाची आहे ना, लग्नाची म्हणून दे."

तेवढ्यात शेजारची मंदाबाई उठली. तिचा पोरगा दोन उन्हाळ्यांमागं मोटरसायकलच्या अपघातात गेला होता.

"तुले कायले बोलाचं होतं?" ती रुक्माबाईला म्हणाली. "माझा पोरगा दिसत होता मले."

हसणं थांबलं. मंदाबाई निघून गेली.

दिवस कलता ती रुक्माबाईच्या ओसरीवर येऊन बसली. रुक्माबाईनं चहा ठेवला.

"मी चादरीवर त्याले म्हणलं, गाडी हळू चालवत जा," मंदाबाई शेवटी म्हणाली. "त हसून मान हलवली त्यानं."

"अन जिता होता तेव्हा काय म्हणत होता?"

मंदाबाईनं पदर तोंडाला लावला. "म्हणत होता, डोकं नको खाऊ."

"मग तोच तुझा पोरगा. चादरीवरचा नाही."

तर बायांनो, आणि बाप्यांनो तुम्हीही ऐका. मेलेलं माणूस भांडत नाही, म्हणूनच कोणीही त्याच्या तोंडून आपलं काम करून घेतो. मशीन नवीन असो की जुनं, ते कसं चालतं हे विचारायला लाजू नका. आणि कोणी तुमचं गेलेलं माणूस परत आणून दाखवलं, तर पाया पडायच्या आधी त्याला एक सणसणीत थाप मारून पाहा. हो म्हणालं, तर ते तुमचं नव्हे.

अंधारू लागलं तरी मंदाबाई उठली नाही. घरी तिचीही कोणी वाट पाहत नव्हतं. रुक्माबाईनं कप उचलले आणि ओसरीच्या कोपऱ्याकडे बोट दाखवलं.

"तिथंच बसला होता वाघ. पेज गरम होती त फुंकून फुंकून प्यायला."

मंदाबाईनं नाक पुसलं. "काहीही बोलते."

रुक्माबाईनं हातातले कप ठेवले. मग परत खाली बसली, आणि तिनं वाघाला आणखी एक वाटी वाढली.