घरचा घेवडा

बियाण्यांच्या शीतगृहात जागा उरली नाही, तेव्हा साहेबांची नजर ‘घरचा’ या नावावर पडली. घेवड्याची तीसेक पाकिटं आणि सगळ्यांवर एकच नाव. एकाच वाणाने इतक्या ठिकाणी ठाण मांडायचं म्हणजे अतीच झालं. एक ठेवा, बाकीची काढा, असा हुकूम सुटला.

हुकूम ज्या प्रयोगशाळेतल्या बाईंच्या हाती आला, त्यांच्याच वडिलांनी ती पाकिटं तरुणपणी दारोदार फिरून गोळा केली होती. वाणाचं नाव विचारलं की प्रत्येक दारात उत्तर ठरलेलं, “नाव कसलं? घरचाच आहे.” आणि हा सरळमार्गी गृहस्थ ‘घरचा’ असं लिहून पुढच्या दारात हजर. आता निवृत्त झालेल्या वडिलांना हुकमाची बातमी कळली आणि त्यांचं जेवणातलं लक्षच उडालं. आपल्याच भोळेपणापायी जन्माची कमाई मातीमोल होणार, हे त्यांना सोसत नव्हतं आणि लेकीला ते बघवत नव्हतं.

तिने साहेबांकडून मुदत मागून घेतली. प्रत्येक पाकिटातले दाणे रुजवले, कोवळी पानं कुटून डीएनए काढला आणि त्यातल्या ठरावीक खुणा तपासल्या. वाण एकच असेल तर या खुणांच्या पट्ट्या सारख्या उमटतात. तिथे नावाचा वशिला चालत नाही. पट्ट्या उमटल्या आणि तिचा जीव भांड्यात पडला. नाव एक, वाण मात्र निरनिराळे. साहेबांनी पट्ट्यांचं छायाचित्र उलटंसुलटं करून पाहिलं आणि मुकाट्याने हुकूम मागे घेतला.

एक जोडी मात्र हुबेहूब निघाली. त्यातलं एक पाकीट काढावंच लागणार होतं.

संध्याकाळी घरी तिने सगळं सांगितलं. वडील अंगावर मूठभर मांस चढल्यासारखे ताठ बसले, पण जोडीचा विषय निघताच त्यांना ठसका लागला. एकाच घरातून दोनदा बी आणलं होतं का, असं तिने विचारलं. पहिल्या खेपेला दाणे कमी पडले असतील, असं काहीतरी ते पुटपुटले.

“कमी कसले? चांगले ओंजळभर दिले होते मी,” आई म्हणाली. “दुसऱ्यांदा दारात येऊन उभे राहिले, तेव्हाच मी माझ्या आईला म्हटलं, या माणसाला घेवडा नकोय.”