मच्छीमार संस्थेचा झपाटलेला कॉम्प्युटर

संस्थेच्या कचेरीत पाय ठेवायला जागा नव्हती. टेबलावर हळदकुंकू माखलेला कॉम्प्युटर, त्याच्यापुढे लिंबू आणि लिंबापुढे भुतं उतरवणारा टेकचंदबाबा. काळ्या पडद्यावर पांढरी इंग्रजी ओळ होती. ती वाचायची कुणालाच गरज वाटली नव्हती.

संस्थेचे सचिव बाबुलाल दहा दिवसांपूर्वी वारले, तेव्हापासून ते चालवायचे तो संस्थेचा कॉम्प्युटर सुरूच होत नव्हता. तलावात मासे धरायचा हक्क कुणाकुणाला, ती सभासदांची यादी त्यातच. ती संध्याकाळपर्यंत भंडाऱ्याच्या सरकारी कचेरीत पाठवायची होती. मी शहापूरच्या शाळेत कॉम्प्युटर शिकवते, म्हणून अध्यक्ष धनराज यांनी मला बोलावलं होतं. पण बाबा आधी पोचला.

"ॐ मॉनिटराय नमः, ॐ माऊसाय नमः," म्हणत त्याने मोरपिसांचा झाडू कॉम्प्युटरच्या डब्यामागून फिरवला, बटण दाबलं आणि कॉम्प्युटर सुरू झाला. बायकांनी हात जोडले. धनराजांनी यादीच्या चिन्हावर क्लिक केलं, तर फाइल सापडेना.

"यादी बाबुलालनं धरून ठेवली," बाबा म्हणाला. "बायकोवर नाराज हाय तो. रेवताबाईचं नाव काटा, मंग सोडते."

रेवताबाई भिंतीला टेकून उभ्या होत्या. नवऱ्याची तेरवी व्हायची होती आणि तलावाशिवाय पोटाला दुसरा आधार नव्हता. धनराज रजिस्टर उघडून पेन शोधू लागले. काल-परवापर्यंत त्यांच्याबरोबर जाळं ओढणारी माणसं गप्प बघत होती.

पिसं डब्यामागे गेली तेव्हा बाबाच्या अंगठ्याने तिथून काहीतरी उपसलेलं मी पाहिलं होतं.

"बाबा, मूठ उघडा."

"मॅडम, भस्म होऊन जाशीन."

"होते. उघडा."

मुठीत पेनड्राइव्ह निघाला.

"ह्यांचाच हाय तो," रेवताबाई म्हणाल्या. "लाल दोरा मीच बांधला होता."

"इतके दिवस कुणी काढला काहून नाही?" मी धनराजांना विचारलं.

"मयताच्या वस्तूले तेरवीपर्यंत हात कोण लावन, मॅडम?"

सगळं भूत एवढंच होतं. सुरू होताना कॉम्प्युटर आपल्याला चालवणारी व्यवस्था कुठे आहे ते शोधतो. हा आधी पेनड्राइव्हमध्ये बघायचा. तिथे यादी होती, व्यवस्था नव्हती, म्हणून तो अडायचा. बाबुलाल काम झालं की पेनड्राइव्ह काढत असणार, शेवटच्या दिवशी तो तसाच राहिला. 'ही डिस्क काढा आणि कोणतीही कळ दाबा', असं पडद्यावर दहा दिवस लिहून येत होतं. पेनड्राइव्ह काढला की तो आतल्या डिस्कवरून सुरू व्हायचा, पण यादी मिळायची नाही. पडद्यावरचं चिन्ह म्हणजे नुसता पत्ता. घरच उचलून नेलं तर पत्त्यावर कोण भेटणार?

मी पेनड्राइव्ह रेवताबाईंच्या हातात दिला. चालू कॉम्प्युटरमध्ये त्यांनी तो खोचला आणि यादी उघडली.

"रेवताबाईच्या जागी कोण येणार होतं?" मी विचारलं.

"बाबाच्या भाच्याचा अर्ज आला होता," धनराज रजिस्टर मिटत म्हणाले. हा बाबा पूर्वी तुमसरला कॉम्प्युटर दुरुस्त करायचा, हेही तेव्हाच कुणाला तरी आठवलं. तोवर तो मागच्या दाराने पसार झाला होता.

"झालं ते झालं, वहिनी," धनराज म्हणाले.

"मले यादी वाचून दाखवा," रेवताबाई म्हणाल्या. "मोठ्यानं. सगळ्यायले आयकू द्या."

सतरावं नाव रेवताबाईंचं होतं; ते वाचताना धनराजांची मान खाली होती.

बाबाची किळस आलीच, पण पेन शोधणाऱ्या हाताची जास्त आली. यंत्र अडलं तर कशामुळे अडलं ते बघा. स्वतःला कळत नसेल तर कळणाऱ्याला विचारा, त्यात कमीपणा नाही. एका बाईच्या तोंडचा घास काढल्याने कुठलंही यंत्र सुरू होत नाही.